किल्ल्या दिरांना, बी तुम्हाला

प्रिय ताई,

मी कोथरूडला राहते, वय ३१. एका खासगी दवाखान्यात हिशेबाचं काम करते, साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. नवरा आणि धाकटा दीर या दोघांनीही एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम पूर्ण केला आहे. दीर घोड्यावरून त्या सोनेरी झाडाखाली भटकत असायचा, ते बघून मलाही खेळावंसं वाटू लागलं. मारामारी वेगात आली की मी गोंधळते, पण तो प्रदेश मला स्वतः फिरून बघायचा आहे.

अडचण पहिल्याच पानावर आहे. दहा क्लास, म्हणजे सुरुवातीची पात्रं, आणि वर सोबत घ्यायच्या नऊ भेटींपैकी एक भेट. दीर म्हणतो, "वहिनी, डोळे मिटून सामुराई घे आणि भेट म्हणून किल्ल्या." नवरा म्हणतो अ‍ॅस्ट्रॉलॉजर घे, लांबून मारशील. कामावरचा एक मुलगा म्हणतो, रेच घेऊन, कुठलीही भेट न घेता खेळलं तरच खेळलं म्हणायचं. मी एक्सेलमध्ये सगळ्या आकड्यांचा तक्ता केला, सोबत जोडते आहे. कितीदा कॅरेक्टर बनवलं आणि पुसून टाकलं. चाळीस तास खेळल्यावर सुरुवातच चुकली होती असं कळलं तर? तेवढे तास परत कुठून आणू?

आणि एक विचारायचं राहिलं. हा खेळ मध्येच थांबवता येतो का? सासूबाईंनी हाक मारली की उठावं लागतं.

– हिशेबात अडकलेली, कोथरूड

*

प्रिय हिशेबात अडकलेली,

तुमचा तक्ता मी ओळ न् ओळ वाचला. आकडे बरोबर आहेत. फक्त एक रकाना त्यात नाही: ही गोष्ट मला किती वेळ पुरेल? तो रकाना भरला की निवड अवघड राहत नाही, म्हणून आधी तोच भरू.

त्याआधी एक व्यावहारिक गोष्ट. या खेळात एका खात्यावर दहा कॅरेक्टर जपून ठेवता येतात. म्हणजे बनवलेलं पुसून टाकायची काहीच गरज नाही. मनात शंका आली तर दुसरं बनवा, पण पहिलं राहू द्या. पुसताना दर वेळी आपण आधी काही तरी चुकीचं केलं होतं, अशी नोंद मनात होते आणि पुढची निवड आणखी जड होऊन बसते.

आता क्लास. वॅगाबाँड लेव्हल ९ वर सुरू होतो, सामुराईही ९ वर, अ‍ॅस्ट्रॉलॉजर ६ वर आणि रेच १ वर, असं तुम्ही तक्त्यात लिहिलं आहे. त्याखाली विचारलं आहे की जास्त लेव्हलचा क्लास घेणं फायद्याचं नाही का. तुमच्याच तक्त्यातल्या आठ स्टॅटची, म्हणजे गुणांच्या आकड्यांची, बेरीज करून बघा. वॅगाबाँडची ८८ येते, सामुराईची ८८, अ‍ॅस्ट्रॉलॉजरची ८५, रेचची ८०. प्रत्येक बेरजेतून ७९ वजा करा, लेव्हल मिळते. दहाही क्लासना हे लागू आहे. कुणालाही फुकटात जास्त दिलेलं नाही. क्लास म्हणजे तुमच्या नावावर आगाऊ जमा केलेली रक्कम आहे आणि ती कोणत्या खात्यांत टाकली आहे एवढाच काय तो फरक. रेचच्या सगळ्या खात्यांत दहा-दहा आहेत. अ‍ॅस्ट्रॉलॉजरच्या इंटेलिजन्समध्ये (जादूची ताकद) १६ आहेत आणि व्हिगरमध्ये (जीव) जेमतेम ९. वॅगाबाँडच्या व्हिगरमध्ये १५ आहेत आणि इंटेलिजन्समध्ये ९.

क्लास चुकला तर किती नुकसान होतं, तेही मोजू. समजा तुम्ही वॅगाबाँड घेतला आणि अर्ध्या वाटेवर जादू आवडू लागली. शेवटी तुम्हाला व्हिगर ४०, माइंड २०, इंटेलिजन्स ६०, डेक्स्टेरिटी १३ आणि एन्ड्युरन्स ११ असा जादूगार हवा आहे, बाकीचे स्टॅट जसे मिळाले तसेच ठेवायचे. अ‍ॅस्ट्रॉलॉजरपासून निघून हा जादूगार तयार होतो लेव्हल ८९ ला. वॅगाबाँडपासून निघून ९५ ला. सगळ्यात उलट्या वाटणाऱ्या क्लासपासून सुरुवात केली तरी तफावत पडली सहा लेव्हलची, आणि तीही अशा टप्प्यावर की तिथे पोचेपर्यंत तुम्ही अर्ध्याहून जास्त नकाशा पालथा घातलेला असेल. शिवाय त्या सहा लेव्हल कुठे हरवत नाहीत. त्या वॅगाबाँडच्या १४ स्ट्रेंग्थमध्ये दिसतात, एक बरी तलवार उचलता येते.

पुढचा दिलासा हा की लायुर्निया नावाच्या भागातल्या राया ल्युकेरिया अकादमीत रेनाला नावाची राणी आहे. तिला हरवल्यावर लार्व्हल टियर (अश्रू) ही वस्तू देऊन सगळे वाढवलेले पॉइंट पुन्हा वाटून घेता येतात. हे अश्रू संख्येने मर्यादित आहेत, पण एखादी दिशा बदलायला पुरून उरतात. बदलत नाही तो क्लासचा पाया: कुठलाही स्टॅट क्लासने दिलेल्या सुरुवातीच्या आकड्याखाली नेता येत नाही. आणि त्या पायाची किंमत आपण वर काढलीच, पाच-सहा लेव्हल.

म्हणजे चाळीस तासांनी सुरुवात चुकल्याचं कळेल ही तुमची भीती या खेळात तरी लागू होत नाही. चाळीस तासांनी सुरुवात उरलेलीच नसते. जे काही कळायचं ते पहिल्या सहा-सात तासांत कळतं, कारण तेवढाच वेळ सुरुवातीचे आकडे जाणवतात. त्यानंतर तुमची तलवार किती सुधारली आहे, फ्लास्कमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, किती घोट आहेत आणि समोरच्याचा वार कधी येतो हे ओळखता येतं का, यावर सगळं चालतं.

तर निवड त्या सहा-सात तासांसाठी करायची. आणि त्या तासांत खेळणार तुम्ही आहात, दीर नाहीत. माझ्या मते तुमच्या गोंधळाचं मूळ इथे आहे. तुम्हाला सल्ला देणाऱ्या तिघांनीही नकाशा पाहिलेला आहे. कुठल्या वळणावर काय दडलंय, कुठल्या दारामागे काय आहे, हे त्यांना ठाऊक आहे. ते मनातल्या मनात दुसऱ्यांदा खेळतात आणि दुसऱ्या वेळची भेट तुम्हाला सुचवतात. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्याही अशाच लोकांनी केलेल्या असतात. त्यात खोटं काही नसतं, पण त्या तुमच्यासाठी लिहिलेल्या नसतात.

दिरांच्या किल्ल्यांचंच घ्या. स्टोनस्वर्ड की ही भेट घेतली तर दोन किल्ल्या मिळतात. दगडी पुतळ्यात ती खोचली की धुक्याने बंद केलेली वाट उघडते. खेळ जिथे सुरू होतो तिथेच, बाहेर पडायच्या वाटेवर, दोन किल्ल्या मागणारी एक वाट आहे. आत फ्रिंजफोक हीरोज ग्रेव्ह नावाचं थडगं आहे आणि त्यात एर्डट्रीज फेवर हा फार उपयोगी तावीज मिळतो. जीव, स्टॅमिना आणि वजन पेलण्याची क्षमता तिन्ही वाढतात. दिरांना हे माहीत आहे म्हणून ते किल्ल्या म्हणतात. पण त्या थडग्याच्या उतारांवरून एक प्रचंड रथ सतत वर-खाली फिरत असतो आणि नवख्या माणसाला तो एका फेरीत चिरडतो. कोनाड्यात शिरून, वेळ साधून पळावं लागतं. वेगात गोंधळ होतो असं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. पहिल्या गुरुवारी तुम्हाला त्या थडग्यात पाठवावं असं मला अजिबात वाटत नाही. किल्ल्या पुढे वाटेत सापडतात, राउंडटेबल या मुक्कामाच्या ठिकाणी विकतही मिळतात. थडगं कुठे पळून जात नाही. हाताशी चांगली तलवार आल्यावर परत या.

आता प्रत्येक भेटीपुढे तो राहिलेला रकाना भरू. सगळ्यांना सारखी जागा देण्यात अर्थ नाही, कारण निम्म्या भेटी तुमच्या कामाच्या नाहीत.

लँड्स बिटवीन रून फोडला की ३००० रून मिळतात, म्हणजे लेव्हल वाढवायला लागणारं खेळातलं चलन. वॅगाबाँडसाठी त्यात साधारण तीन लेव्हल बसतात. ऐकायला छान वाटतं, पण मेलिना नावाची मुलगी भेटेपर्यंत लेव्हल वाढवताच येत नाही, आणि ती भेटते उघड्या मैदानातल्या तीनेक ग्रेसपाशी (विसाव्याच्या जागा) थांबून झाल्यावर. तोवर रून फोडून ठेवले आणि लागोपाठ दोनदा मेलात तर गेले. समजा नीट वापरले, तरी त्या तीन लेव्हल लिमग्रेव्ह या पहिल्या भागात एका सकाळी कमावता येतात. पुरेल किती? एक सकाळ.

क्रिमसन अँबर मेडलियन जीव सहा टक्क्यांनी वाढवतं. वॅगाबाँडचा सुरुवातीचा जीव ५२२, म्हणजे ३१ ची भर. अ‍ॅस्ट्रॉलॉजरच्या ३९६ वर २३-२४. सुरुवातीला तावीजाची जागा एकच असते आणि ती मोकळीच असते, म्हणून घेतलंत तर वाया जाणार नाही. पण वॅगाबाँडच्या व्हिगरमध्ये तीन पॉइंट टाकले की ३१ हून जास्तच जीव वाढतो. अ‍ॅस्ट्रॉलॉजर घेणाऱ्यांना मी ही भेट थोडा विचार करून सुचवेन. तुम्हाला नाही.

फँग्ड इम्प अ‍ॅशेस घेतली तर लढाईत दोन इम्प मदतीला बोलावता येतात. पण बोलवायला जी घंटा लागते ती घोडा मिळाल्यावर एलेहच्या चर्चपाशी रेना नावाची बाई देते, आणि ती देतानाच तीन लांडग्यांची राखही सोबत देते. एकटीने खेळताना ते लांडगे फार मोठा आधार आहेत. ते मिळाल्यावर इम्पची आठवण क्वचित येते.

उकडलेली कोळंबी काही वेळापुरता शारीरिक मार कमी करते. लायुर्नियात एकजण ती विकत बसलेलाच असतो. मातीच्या फुटक्या भांड्यांत भरून आग वगैरे फेकता येते, पण वस्तू बनवायचं साहित्य गोळा करण्यात तुमचा गुरुवार जावा असं मला वाटत नाही. बिविचिंग ब्रँचने शत्रूला काही काळ आपल्या बाजूला वळवता येतं, मजेशीर आहे, पण मोजक्या फांद्या मिळतात आणि संपतात. शब्रिरीज वो हा तावीज शत्रूंचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतो. अनेकजण मिळून खेळताना एकाने तो घालणं समजू शकतं. एकटीने घालू नका.

राहिलं गोल्डन सीड, सोनेरी बी. तुमच्या तक्त्यात त्यापुढे तुम्ही "फ्लास्क +१" एवढंच लिहिलंय आणि ते सगळ्यात खाली टाकलंय. माझ्या मते ते सगळ्यात वर हवं. सुरुवातीला फ्लास्कमध्ये एकूण चार घोट असतात, लाल (जीव भरणारे) आणि निळे (जादूची शक्ती भरणारे) मिळून. पाचवा घोट वाढवायला एक बी लागतं, सहावा वाढवायला एक. पुढे दर वाढत जातो: दोन, दोन, तीन, तीन, चार, चार आणि शेवटच्या दोन घोटांना पाच-पाच. चारावरून चौदावर जायला एकूण तीस बिया. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणजे बघितल्याबरोबर लक्षात येईल की पहिलं बी सगळ्यात मोलाचं. पहिल्या ग्रेसपाशी बसल्याबरोबर ते खर्च केलं की चाराचे पाच होतात, पंचवीस टक्के वाढ. तेच एक बी शेवटच्या टप्प्यावर सापडलं तर पूर्ण घोटही वाढत नाही.

नकाशा पाठ असलेले लोक म्हणतात, बी कशाला, स्टॉर्महिलच्या चढावर रस्त्याकडेलाच सोनेरी रोपट्याखाली एक पडलेलं आहे. खरं आहे, आहे तिथे. तुम्हीही ते घ्यालच, आणि तोवर तुमचे पाच घोट असतील म्हणून सहा होतील. बीचा खरा उपयोग ज्याला रस्ते ठाऊक नाहीत त्याला आहे. कोपऱ्यावरून कोण उडी मारणार हे माहीत नसलं की मार बसतो, आणि बसलेल्या माराचं उत्तर म्हणजे एक जादा घोट. तुम्हाला तो प्रदेश फिरून बघायचा आहे. ग्रेसपासून ग्रेसपर्यंत न मरता किती लांब जाता येतं, हे घोटांवर ठरतं. किती पुरेल? पहिल्या मोठ्या बॉसपर्यंत, मार्गिटपर्यंत, नक्की. तेवढंच तर आपल्याला हवं होतं.

आता क्लासचा निर्णय. सामुराई वाईट नाही, दिरांवर अन्याय नको. त्याच्या उचिगाताना तलवारीने रक्तस्राव होतो आणि सोबत लांब धनुष्य असतं, त्यामुळे घोळक्यातला एकेक शत्रू बाण मारून बाजूला खेचता येतो. पण सामुराईची ढाल सगळा मार अडवत नाही, त्याला वार चुकवत लोळता आलं पाहिजे. यजमानांच्या अ‍ॅस्ट्रॉलॉजरचं म्हणणंही बरोबर आहे, सुरुवातीच्या बऱ्याच शत्रूंना तो जवळ येण्याआधी संपवतो. मात्र जो जवळ पोचतो तो ३९६ जीवाच्या जादूगाराला फार वेळ देत नाही, आणि लक्ष्य धरून, अंतर राखून, निळा घोट सांभाळत खेळणं ही नवख्या हातांना एकाच वेळी तीन कामं होतात.

तुम्ही वॅगाबाँड घ्या. जीव चांगला, व्हिगर सुरुवातीलाच १५ आणि हातात अशी ढाल जी शारीरिक वार शंभर टक्के अडवते. शत्रू आला, ढाल धरली, वार ढालीवर बसला, की लगेच जोराच्या हल्ल्याचं बटण दाबा. याला गार्ड काउंटर म्हणतात आणि समोरचा बहुतेक वेळा लडखडतो. यात वेग लागत नाही, थांबण्याची तयारी लागते. ढालीवर झेललेल्या प्रत्येक वाराने स्टॅमिना कमी होतो, तेवढी हिरवी पट्टी बघत राहा. ती संपली की ढाल उघडते. मोठे बॉस आले की लोळणं शिकावं लागेलच, पण तोवर शत्रूकडे नीट बघण्याची सवय झालेली असेल.

कामावरच्या त्या मुलाबद्दल. रेच म्हणजे लेव्हल १, अंगात चिलखत नाही, हातात सोटा. काही लोकांना तसं खेळण्यात खरा आनंद मिळतो आणि तो त्यांनी जरूर घ्यावा. पण तसं खेळलं तरच खरं, हे मला मान्य नाही. भेट घेणं हा खेळाच्या कर्त्यांनी स्वतः ठेवलेला भाग आहे. याच मंडळींच्या २०११ सालच्या डार्क सोल्समध्येही सुरुवातीला भेट निवडायची असे. त्यांचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी तेव्हा म्हणाले होते की आपण पेंडंट घेऊ, नाही तर काहीच नाही. झालं, जगभरचे खेळाडू त्या पेंडंटचा गुप्त उपयोग शोधत बसले. नंतर मियाझाकींनीच सांगितलं की ती खोडी होती, पेंडंटमध्ये काहीही दडलेलं नव्हतं. मला या गोष्टीत एक फार बरं वाटतं: पेंडंट घेऊन सुरू करणाऱ्यांनीही तो खेळ पूर्ण केला. ज्या माणसाने खेळ घडवला त्याने भेटीच्या पानाला एवढंच वजन दिलं होतं.

मग हे पान इतकं भीतीदायक का वाटतं? मला वाटतं, या प्रकारच्या खेळांच्या जुन्या सवयीतून ते आलं आहे. १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हा तीन फासे टाकून जे आकडे पडतील ते घेऊन चालायचं, वाईट पडले तरी. पुढे कॉम्प्युटरवरच्या खेळांतही बरीच वर्षं सुरुवातीची निवड खरोखर कायमची असे. २००२ च्या मॉरोविंडमध्ये जन्मरास निवडायची असते, आणि अ‍ॅट्रोनाक ही रास घेतली की जादूची शक्ती विश्रांतीने भरून येणं कायमचं बंद. अशा खेळात तक्ता करून बसणं अगदी योग्य. आजच्या बहुतेक खेळांनी ती दारं उघडी ठेवली आहेत, पण पान अजून तसंच गंभीर दिसतं.

एल्डन रिंग झाल्यावर तुम्ही दुसऱ्या खेळाकडे वळालच, म्हणून तोच रकाना तिथेही वापरा. २०११ च्या स्कायरिममध्ये प्रत्येक वंशाला एका कौशल्यात १० आणि पाच कौशल्यांत ५-५ जादा मिळतात. ते वापराने वाढतातच, तेव्हा त्यांना महत्त्व देऊ नका. पण ब्रेटन वंशाला जादूच्या माराचं २५ टक्के संरक्षण आहे, नॉर्डला थंडीच्या माराचं ५०, आणि हे शेवटच्या दिवसापर्यंत पुरतं. तिथे वंश निवडताना तेवढंच बघायचं. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये विदर्स नावाचा सांगाडा १०० सोन्याच्या नाण्यांत क्लाससकट सगळे पॉइंट नव्याने वाटून देतो, फक्त वंश आणि बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) बदलत नाही. म्हणजे तिथे या दोन्हींपाशी पाच मिनिटं थांबायचं आणि बाकी पानं मनाला येईल तशी भरायची.

आता येत्या गुरुवारचं. वॅगाबाँड, गोल्डन सीड, आणि चेहऱ्यावर हवा तेवढा वेळ घालवा, तो तुमचा आनंद आहे. सुरुवातीलाच अनेक हातांचा एक विचित्र शत्रू समोर येतो आणि जवळजवळ सगळ्यांना मारतो. तो मारण्यासाठीच ठेवला आहे, निवड चुकली असं वाटून घेऊ नका. शुद्धीवर आल्यावर एका खड्ड्याच्या काठाशी कुणी तरी बसलेलं दिसेल, खाली उडी मारायला सांगेल. मारा उडी. खाली केव्ह ऑफ नॉलेज आहे, ढाल, गार्ड काउंटर, सगळं तिथे शांतपणे शिकवतात. पुष्कळजण तो खड्डा न बघता पुढे जातात आणि मग पहिला दिवस बटणं शोधण्यात घालवतात.

बाहेर आलात की रस्त्यावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार फिरताना दिसेल, ट्री सेंटिनेल. त्याच्याशी लढायची आत्ता काही गरज नाही. झाडांच्या आडून, लांबून वळसा घालून एलेहच्या चर्चमध्ये या. तिथे ग्रेस आहे, वस्तू विकणारा काले आहे, आणि तलवार +३ पर्यंत सुधारता येईल अशी ऐरणही आहे. ग्रेसपाशी बसून लगेच बी वापरा. सुरुवातीला एखादा स्टॅट वाढवण्यापेक्षा तलवारीवर स्मिदिंग स्टोन खर्च केल्याने फरक पटकन दिसतो. लेव्हल वाढवता येऊ लागली की व्हिगर सोडू नका, ४० पर्यंत त्यात टाकलेला पॉइंट वाया जात नाही. आणि पूर्वेला थर्ड चर्च ऑफ मारिका आहे. तिथे फ्लास्कचा प्रत्येक घोट जास्त गुणकारी करणारा सेक्रेड टियर मिळतो. रस्त्याने भटकत जा, तुम्हाला तेच तर हवं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. सरळ पॉज नाही, मेनू उघडला तरी शत्रू येत राहतो. पण मेनूत हेल्पचं बटण दाबून 'मेनू एक्स्प्लनेशन' उघडलं, तर ती चौकट पडद्यावर असेपर्यंत खेळ थांबतो. सासूबाईंनी हाक मारली की एवढं करून उठा. जास्त वेळ लागणार असेल तर खेळातून रीतसर बाहेर पडा. प्रगती आपोआप साठवली जाते आणि परत आल्यावर तुम्ही साधारण तिथेच असता.

गुरुवारी मात्र आणखी एक सांभाळा. पुण्यात दुरुस्तीसाठीची वीजबंदी बहुधा गुरुवारीच येते आणि तुमची सुट्टीही तीच. ऐन साठवताना वीज गेली तर सेव्ह फाइल बिघडू शकते. सकाळी महावितरणचा मेसेज बघून घ्या, आणि दिवसाचा खेळ संपला की विंडोजच्या अ‍ॅपडेटामधल्या रोमिंग फोल्डरमध्ये 'एल्डनरिंग' नावाचं फोल्डर असतं, त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. त्यात दिरांचे आणि यजमानांचे सेव्हही असण्याची शक्यता आहे, म्हणून प्रत उलट चिकटवायची वेळ आलीच तर आधी दोघांना विचारा.

– तुमची ताई